फँटसी आरपीजी: तुमचा निर्णय गोष्टीत कुठपर्यंत टिकतो, आणि तो टिकवायचा कसा

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमवरून फँटसी आरपीजीकडे, म्हणजे रोल-प्लेइंग गेमकडे, वळताहेत. कुणाकडे कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप असतो, कुणाच्या घरी पुण्याला नोकरीला लागलेल्या भावाचा जुना पीसी आलेला असतो. गेम सुरू होतो, तासाभरात एखादं पात्र समोर उभं राहतं, पडद्यावर चार उत्तरं येतात आणि माउसवरचं बोट थांबतं. मागे बसलेला चुलतभाऊ अहिराणीत विचारतो, ‘आते काय व्हई?’, म्हणजे आता काय होईल?

या प्रश्नाचं उत्तर नव्या माणसाला नीट मिळावं म्हणून हा लेख लिहितोय. आरपीजीत तुम्ही एका पात्राचं आयुष्य चालवता. ते कुणाची बाजू घेतं, कुणाला माफ करतं, कुणाला वाऱ्यावर सोडतं हे तुमच्या हातात असतं. आज घेतलेला निर्णय वीस तासांनी समोर येतो. कधी कधी तर काही वर्षांनी निघालेल्या पुढच्या भागात येतो. ही सलगता सांभाळण्याचं निम्मं काम गेम करतो आणि निम्मं खेळणाऱ्याला करावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. नवे खेळाडू आपल्या वाट्याचं निम्मं काम करत नाहीत, आणि मग ‘काहीही निवडा, फरक पडत नाही’ म्हणून गेम अर्ध्यात सोडतात. इतक्या मेहनतीने लिहिलेल्या गोष्टी अशा वाया जातात याचं वाईट वाटतं.

उदाहरणं मुख्यतः ड्रॅगन एज, विचर आणि बाल्डर्स गेट या मालिकांमधली आहेत. काही ठिकाणी कथानक उघड करावं लागलंय. ‘विचर 3’ कोरा खेळायचा असेल तर पायरी 5 आत्ता वाचू नका.

पायरी 1: पहिला गेम निवडा

आधी मशीन बघा. ‘बाल्डर्स गेट 3’ला (2023) डिस्कवर 150 जीबी जागा लागते आणि एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची डिस्क, हवी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो उतरवायला बसलात तर आठवडा जाईल, त्यामुळे शहरात फायबर असलेल्या मित्राकडे लॅपटॉप घेऊन जाणं बरं. ‘विचर 3’ (2015) मधल्या ताकदीच्या मशीनवर चालतो. मशीन जुनं असेल, ग्राफिक्स कार्ड साधं असेल, तर ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (2009) घ्या. खरं तर मशीन चांगलं असलं तरी निर्णयाची सलगता समजून घ्यायला माझी पहिली शिफारस हाच गेम आहे. सुरुवातीलाच सहा वेगवेगळ्या जन्मकथा मिळतात. बौनांच्या राजघराण्यातला मुलगा, शहरातल्या वस्तीतली एल्फ, जादूगारांच्या मनोऱ्यात वाढलेला शिकाऊ वगैरे. तुम्ही जो जन्म घ्याल त्यानुसार पुढे त्याच गावात, त्याच दरबारात लोक तुमच्याशी वेगळं वागतात.

मालिका पहिल्या भागापासूनच खेळली पाहिजे का? प्रत्येक वेळी नाही. ‘बाल्डर्स गेट 3’ची गोष्ट दुसऱ्या भागानंतर शंभराहून अधिक वर्षांनी घडते, ती एकटी समजते. ‘विचर 3’ही एकटा समजतो, फक्त जुन्या ओळखीची माणसं भेटतात तेव्हा त्यांचं महत्त्व थोडं उशिरा कळतं. ड्रॅगन एज मात्र क्रमाने खेळा. त्याची मजाच मागचं पुढे येण्यात आहे.

पायरी 2: गेम लक्षात कसं ठेवतो ते समजून घ्या

आतला कारभार थोडा माहीत असला की अपेक्षा योग्य राहतात. तुम्ही एखादं उत्तर निवडलं की गेम एक नोंद करतो. ‘अमक्याला जिवंत सोडलं: हो.’ ‘तमक्या सोबत्याचं तुमच्याबद्दलचं मत: 40.’ या नोंदींना फ्लॅग म्हणतात. पुढे एखादा प्रसंग सुरू होण्याआधी गेम या नोंदी तपासतो आणि त्यानुसार संवाद, माणसं, कधी अख्खी मोहीम बदलतो. तुमची सेव्ह फाइल म्हणजे मोठ्या प्रमाणात या नोंदींचीच यादी.

आता हिशोब करा. हो-नाही स्वरूपाचे 10 निर्णय असतील तर 1,024 वेगवेगळ्या परिस्थिती तयार होतात. 20 निर्णय झाले की हा आकडा 10,48,576 वर जातो. प्रत्येक परिस्थितीसाठी स्वतंत्र गोष्ट लिहिणं कुठल्याच कंपनीला परवडणार नाही. म्हणून लेखक वाटा फोडतात आणि पुन्हा एका ठिकाणी जोडतात. भुसावळहून दिल्लीला जायचं तर खंडव्यावरून इटारसी गाठता येतं, किंवा अकोला-नागपूर असा मोठा वळसा घालूनही इटारसीलाच येता येतं. स्टेशनं वेगळी, सोबतचे प्रवासी वेगळे, लागलेला वेळ वेगळा, पण इटारसी कुणाला चुकत नाही. आरपीजीमधल्या बहुतेक मोठ्या निर्णयांची रचना अशी असते. नवा खेळाडू इटारसी बघतो आणि म्हणतो, ‘बघ, शेवटी सगळे इथेच येतात.’ पण डब्यात आता कोण बसलंय आणि कोण मागे राहिलं, हेही त्याने बघायला हवं.

वाट खरोखर फुटते असे गेम थोडे आहेत. ‘विचर 2’मध्ये (2011) पहिल्या अंकाच्या शेवटी रोश आणि योर्वेथ या दोघांपैकी कुणाची साथ द्यायची असा निर्णय असतो, आणि दुसरा अंक त्यावर संपूर्ण बदलतो: मुक्कामाची जागा वेगळी, मोहिमा वेगळ्या, युद्धाची दुसरी बाजू. एकदा खेळून त्या गेमचा मोठा भाग दिसतच नाही. इतकं महागडं काम फार कमी लोक करतात.

पायरी 3: वही घ्या

ही पायरी कुठल्याही गेमच्या सूचनांमध्ये नसते आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे. साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तुमच्या पात्राबद्दल तीनच ओळी लिहा: हा माणूस कशाला घाबरतो, कुणावर चटकन विश्वास ठेवतो, आणि कुठली गोष्ट काही झालं तरी करणार नाही. ताकद, चपळाई, बुद्धी हे आकडे गेम सांभाळतो. या तीन ओळी तो सांभाळत नाही. पुढे प्रत्येक मोठ्या निर्णयाला डाव्या बाजूला लिहायचं काय निवडलं आणि का. उजवी बाजू कोरी सोडायची. परिणाम समोर आला की तिथे भरायचं.

आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आत्या-मावश्या माहेरी येतात, भाचेमंडळी जमते. दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही इतकं ऊन असतं, त्यामुळे सगळे आत कूलरसमोर. अशाच एका सुट्टीत ‘ओरिजिन्स’ चालू होता. गोष्ट ऑर्झामर या बौनांच्या भूमिगत शहरात पोचली होती. राजा वारलेला, गादीसाठी दोन दावेदार. हॅरोमाँट हा वयस्कर, शब्दाला जागणारा, राजाने मरताना ज्याच्यावर विश्वास टाकला असा माणूस. बेलेन हा राजाचा धाकटा मुलगा. कपटी, भावांचा काटा काढून वर आलेला. खोलीतले बहुतेक जण हॅरोमाँटच्या बाजूने होते. माझ्या मावसभावाने बेलेनला गादी दिली. त्याच्या वहीतलं पान असं आहे:

‘बेलेन. माणूस खराब आहे. पण हॅरोमाँट जुनंच चालू ठेवणार. इथे जातीवरून डस्ट टाउन वस्तीतल्या लोकांना चेहऱ्यावर खूण करून बाहेर ठेवतात. बेलेन ते मोडेल असं वाटतं. माझा नायक त्या वस्तीतून आला आहे, तो सभ्य माणसाला बघून मत देणार नाही.’

उजवी बाजू गेम संपल्यावर भरली गेली. शेवटच्या निवेदनात कळतं की बेलेनच्या राज्यात जातीची बंधनं सैल होतात आणि जमिनीवरच्या लोकांशी व्यापार वाढतो, पण विरोधकांना तो चिरडून टाकतो. हॅरोमाँट निवडला असता तर शहर आणखी बंदिस्त झालं असतं. या पानात मला सगळ्यात आवडतं ते ‘माझा नायक त्या वस्तीतून आला आहे’ हे वाक्य. त्याने जन्मकथा जातीबाहेर टाकलेल्या बौनाची निवडली होती आणि कित्येक तासांनंतर त्याच जन्माला धरून निर्णय घेतला. गेमने दोन्ही नोंदी अलग ठेवल्या होत्या. त्या जोडण्याचं काम त्याने केलं.

चार-पाच जण मिळून खेळत असाल तर एक नियम ठेवा: वाद सगळ्यांनी घालायचा, निर्णय एकानेच द्यायचा. हात वर करून मतदान घेतलं की नायक आज दयाळू, उद्या निर्दय, परवा पैशाचा लोभी होतो. त्याचं बोलणं एका माणसाचं वाटत नाही, आणि मग पुढे मागचा संदर्भ आला तरी कुणाला काही वाटत नाही.

पायरी 4: संवाद वाचायला शिका

या गेममध्ये मराठी सबटायटल नाहीत, आणि भाषा बऱ्याचदा जुन्या वळणाची इंग्रजी असते. सेटिंगमध्ये जाऊन आधी सबटायटल चालू करा, अक्षर मोठं करा. कुणी एक जण मोठ्याने वाचून अहिराणीत सांगत असेल तर फारच छान. सांगताना सांगणाऱ्यालाही अर्थ पक्का करावा लागतो. घाईने इंग्रजी वाचून दाबलेलं उत्तर हा तुमचा निर्णय नसतो, आणि तो पुढे अंगावर येतो तेव्हा परका वाटतो.

पडद्यावरच्या खुणा ओळखा. ‘विचर 3’मध्ये पिवळ्या अक्षरातलं उत्तर बोलणं पुढे नेतं, पांढऱ्या अक्षरातली उत्तरं फक्त माहिती देतात. म्हणून आधी पांढरी सगळी वाचून घ्या. काही उत्तरांवर वेळेची पट्टी असते, ती संपेपर्यंत काहीच दाबलं नाही तर निर्णय तुमच्या हातातून जातो. ‘ड्रॅगन एज’च्या दुसऱ्या भागापासून उत्तरं एका चाकावर येतात आणि तिथे दिसतं ते फक्त सार असतं, पात्र प्रत्यक्षात जे बोलतं ते लांब आणि कधी बरंच टोकदार निघतं. चाकाच्या मध्यभागी स्वराचं चिन्ह दिसतं: सौम्य, थट्टेचं, रागाचं. शब्दांपेक्षा त्या चिन्हाकडे जास्त लक्ष द्या.

गेममधली जर्नल, म्हणजे गेम स्वतः ठेवतो ती नोंदवही, नियमित वाचा. ‘विचर 3’मध्ये पात्रांची माहिती तुमच्या निर्णयांनुसार वाढत जाते. दोन आठवड्यांची सुट्टी पडली आणि परत खेळायला बसलात, तर आधी वही, मग जर्नल, मग खेळ.

पायरी 5: रीलोडचा मोह आवरा

इथे ‘विचर 3’मधला एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण निर्णय आणि परिणाम यांच्यात अंतर ठेवण्याची कला इतकी चांगली मी इतर कुठे फारशी पाहिलेली नाही.

वेलेन नावाच्या दलदलीच्या, युद्धाने पिचलेल्या प्रांतात एका टेकडीखाली, झाडाच्या मुळांमध्ये एक आत्मा कोंडलेला आहे. तो म्हणतो, मला सोडव, मी दलदलीतल्या अनाथ पोरांना वाचवतो. गावकरी म्हणतात, तो दुष्ट आहे, मारून टाक. तो खरं बोलतोय की खोटं, हे त्या क्षणी कळायला काहीही मार्ग नसतो. तुम्ही एक काहीतरी करता आणि पुढे निघून जाता. दुसऱ्या मोहिमा होतात, भूक लागते म्हणून उठता, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता. मग बऱ्याच वेळाने हिशोब समोर येतो. आत्म्याला सोडलं असेल तर पोरं वाचतात, पण तो डाउनवॉरन गावात कत्तल करतो; वेलेनवर अंमल असलेल्या बॅरन या सरदाराची बायको ॲना मरते आणि बॅरन गळफास घेतो. आत्म्याला मारलं असेल तर पोरं जातात. ॲना जिवंत राहते पण भ्रमिष्ट होते, आणि बॅरन तिला उपचारासाठी दूर डोंगरात घेऊन जातो.

दोन्हीकडे कुणीतरी गमावलेलंच आहे. आणि परिणाम कळेपर्यंत तुम्ही इतके पुढे आलेले असता की मागे जाऊन बदलायचं तर कित्येक तासांचा खेळ टाकून द्यावा लागतो. लेखकांनी हे अंतर जाणूनबुजून ठेवलं आहे. निर्णय घेताच परिणाम दिसला असता तर प्रत्येकाने दोन्ही करून पाहिलं असतं आणि एकाचाही भार वाटला नसता.

त्याच गेममध्ये सिरीचं, म्हणजे नायक गेराल्टने मुलीसारखं वाढवलेल्या तरुणीचं, शेवटी काय होतं हे तलवारीवर ठरत नाही. काही मोजक्या प्रसंगांत तुम्ही तिच्याशी कसे वागता त्यावर ठरतं: ती खचलेली असताना बर्फाचे गोळे फेकून तिला हसवता की नुसती समजूत घालता, बैठकीला तिला एकटीला जाऊ देता की सोबत जाण्याचा हट्ट धरता, मेलेल्या मित्राच्या थडग्यापाशी तिला थांबू देता की घाई करता. यातलं एकही उत्तर ‘महत्त्वाचं’ अशी पाटी लावून येत नाही. बाप जसा रोजच्या वागण्यातून कळतो तसा इथला गेराल्ट कळतो.

म्हणून पहिल्या खेळात नियम करा: क्रॅश झाला, लाईट गेली किंवा लढाईत मेलात तरच मागची सेव्ह उघडायची. उत्तर आवडलं नाही म्हणून नाही. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये हा नियम पाळणं अवघड जातं, कारण तिथे संवादातही वीस बाजूंचा फासा पडतो. 1 आला की तपासणी फसतेच, 20 आला की जमतेच. फासा फसला की हात आपोआप लोडच्या बटणाकडे जातो. थांबा. फसलेल्या फाशानंतरची वाटही लारियन या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी लिहिलेली आहे आणि कित्येकदा ती जास्त रंगते. अगदीच जिव्हारी लागणारा फासा असेल तर गेमनेच दिलेले इन्स्पिरेशन गुण वापरून पुन्हा टाका; त्यासाठी ते जपून ठेवा. ‘ऑनर मोड’मध्ये एकच सेव्ह मिळते. नव्या माणसाने तिकडे वळू नये.

पायरी 6: सेव्ह सांभाळा

रीलोड करायचं नाही म्हणजे सेव्ह ठेवायच्या नाहीत असं नाही. उलट पुढच्या भागात गोष्ट न्यायची तर सेव्ह हाच एकमेव पुरावा असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि लाईटचा भरवसा नसतो. सेव्ह लिहिली जात असताना लाईट गेली तर ती फाइल खराब होऊ शकते. पीसी असेल तर छोटा यूपीएस घ्याच. एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहू नका. तीन-चार फिरत्या ठेवा.

याशिवाय प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला आणि मोठ्या निर्णयाच्या जरा आधी एक वेगळी सेव्ह करा, आणि गेम नाव द्यायची सोय देत असेल तर ‘ऑर्झामरच्या आधी’ असं स्पष्ट नाव द्या. ऑटोसेव्हवर विसंबू नका, त्या जुन्या होऊन पुसल्या जातात. महिन्यातून एकदा अख्खं सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. ‘विचर 3’चं फोल्डर विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये गेमच्याच नावाने असतं, त्यात ‘गेमसेव्हज’. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा क्लाउड (सेव्हची नेटवरची प्रत) चालू ठेवा, पण नेट बंद असताना खेळलात आणि नंतर जोडणी आली तर कधी कधी तो विचारतो, इथली फाइल ठेवू की क्लाउडवरची? तारीख-वेळ वाचूनच उत्तर द्या. तिथे चुकीचं दाबलं तर आठवड्याचा खेळ जातो.

पायरी 7: वेळ आणि माणसं

बहुतेक गेममध्ये ‘गाव जळतंय, धावा’ असं कुणी सांगितलं तरी तुम्ही महिनाभर मासे मारत बसलात तर गाव तसंच जळत राहतं. त्यामुळे नव्या खेळाडूला वाटतं, घाई नाहीच. ‘बाल्डर्स गेट 3’ हा समज काही ठिकाणी मोडतो. पहिल्या अंकात वॉकीन्स रेस्ट नावाची एक जळती सराई लागते. जवळ पोचल्यावर आत अडकलेल्यांना न सोडवता लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतलीत तर ते वाचत नाहीत. म्हणून विश्रांती घेण्याआधी जर्नलमध्ये आग, कैद, विष, फाशी असं काही चालू आहे का बघा.

त्याच अंकात टीफ्लिंग या शिंगवाल्या जमातीच्या निर्वासितांचा मोठा निर्णय आहे. त्यांना वाचवलंत तर ती माणसं दुसऱ्या अंकातल्या सराईत पुन्हा भेटतात, काही जण कैदेत सापडतात, काही तिसऱ्या अंकात शहरापर्यंत पोचतात. त्यातला डॅमन हा लोहार बघा. कार्लाक या सोबतीच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं धगधगतं यंत्र आहे, त्यामुळे ती कुणाला स्पर्श करू शकत नाही. डॅमन ते आधी थोडं दुरुस्त करतो आणि दुसऱ्या अंकात आणखी एक काम केल्यावर ती पहिल्यांदा माणसाला मिठी मारू शकते. पण तो निर्वासितांपैकीच एक. निर्वासितांवर गॉब्लिन सोडलेत तर लोहारही नाही आणि कार्लाकही साथ सोडून जाते. दुसऱ्या अंकात ती सराई हातची गेली तरी डॅमन मरतो. एका अनोळखी घोळक्याबद्दल घेतलेला निर्णय अशा वाटेने तुमच्या जवळच्या मैत्रिणीपर्यंत येतो.

सोबत्यांचं मत संख्येने मोजलं जातं, पण त्या संख्येमागे धावू नका. प्रत्येकाला खूश करणारा नायक कुणाचाच राहत नाही.

पायरी 8: गेम संपल्यावर, पुढच्या भागाआधी

पात्र पुढच्या भागात नेण्याची पद्धत जुनी आहे. ‘विझर्डरी’चा दुसरा भाग (1982) तर पहिल्या भागातली पात्रं घेऊनच खेळायचा होता. आज मुख्यतः तीन पद्धती दिसतात.

पहिली, सेव्ह थेट आत घेणं. पीसीवर ‘विचर 2’ची सेव्ह ‘विचर 3’मध्ये जाते. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’च्या दुसऱ्या भागातही (2018) पहिल्याची सेव्ह जाते.

दुसरी, प्रश्न विचारणं. सेव्ह नसेल तर ‘विचर 3’ सुरू करताना जुन्या सेव्हचा आभास निर्माण करण्याचा पर्याय चालू करा. मग व्हिझिमाच्या राजवाड्यात गेराल्टची दाढी चालू असताना एक सरदार मागच्या घटनांबद्दल चौकशी करतो, आणि तुम्ही द्याल ती उत्तरं खरी धरली जातात. तिथे ‘विचर 2’मधल्या लेथो या मारेकऱ्याला जिवंत सोडलं असं सांगितलंत तर पुढे तो भेटतो आणि त्याची मोहीम मिळते; मारलं म्हटलंत तर ती मोहीमच नाही. इथे वही उघडा.

तिसरी, बाहेर जग रचून आत आणणं. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’च्या (2014) वेळी बायोवेअरने ‘ड्रॅगन एज कीप’ नावाचं ऑनलाइन साधन दिलं. आधीच्या दोन भागांतले निर्णय तिथे एकेक करून नोंदवायचे आणि नवा गेम सुरू करताना ते जग आत घ्यायचं. यात एक मोठा फायदा होता: पहिला भाग पीसीवर आणि तिसरा कन्सोलवर खेळणाऱ्याचीही गोष्ट तुटत नाही.

पायरी 9: कंपनीने तुमचा निर्णय मोडला तर

हे होणारच, त्यासाठी मन तयार ठेवा. ‘ओरिजिन्स’मध्ये पवित्र रक्षा भ्रष्ट केलीत तर लेलियाना ही तुमची सोबती तुमच्यावर उलटते आणि तुमच्या हातून मरू शकते. तरी ‘इन्क्विझिशन’मध्ये ती जिवंत आहे, हेरखात्याची प्रमुख म्हणून. ‘विचर 2’चा अख्खा अंक ज्याच्यासोबत काढला तो योर्वेथ ‘विचर 3’मध्ये दिसतच नाही. ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ (2024) मागच्या सगळ्या मालिकेतून फक्त तीन निर्णय विचारतो आणि तिन्ही ‘इन्क्विझिशन’मधलेच. ज्यांनी तीन भाग जिवापाड जपले त्यांचा बेलेन, त्यांचा राजा, त्यांची जादूगारांबद्दलची भूमिका तिथे विचारलीच जात नाही. मला हे पटलेलं नाही. नव्या खेळाडूंसाठी दार उघडं ठेवायचं म्हणून जुन्यांच्या हातातलं इतकं काढून घेण्याची गरज नव्हती.

काही लेखक जास्त हुशारीने वाट काढतात. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतल्या ‘डॅगरफॉल’चे (1996) शेवट अनेक होते आणि एकमेकांशी जुळणारे नव्हते. पुढच्या भागांनी ठरवून टाकलं की काळच तिथे फाटला आणि सगळे शेवट एकाच वेळी घडले. त्यामुळे कुणाचाच खेळ खोटा पडला नाही. पुढे ‘स्कायरिम’ (2011) ‘ऑब्लिव्हियन’नंतर सुमारे 200 वर्षांनी ठेवला, म्हणजे जुन्या नायकाच्या बारीकसारीक निर्णयांचा हिशोब द्यायची वेळच येत नाही. त्याच मालिकेतला ‘मोरोविंड’ (2002) तर मला याबाबतीत फार प्रामाणिक वाटतो. मुख्य कथेला लागणारं पात्र तुम्ही मारलंत तर तो सरळ सांगतो की भविष्यवाणीचा धागा तुटला. जुनी सेव्ह उघडा, नाहीतर तुम्हीच ओढवून घेतलेल्या या बुडत्या जगात राहा. पुढे खेळायला मनाई नाही.

निर्णय मोडला गेला तर दोन गोष्टी करा. आधी तपासा की खरंच मोडला की नोंद चुकून आत आली नाही. कीपमध्ये किंवा सुरुवातीच्या प्रश्नांत एखादं उत्तर राहून गेलं असेल तर नवा गेम सुरू केल्याशिवाय ते बदलत नाही, म्हणून पहिल्या दोन तासांतच जुन्या ओळखीच्या पात्रांचे संवाद कान देऊन ऐका. आणि कंपनीनेच मोडला असेल तर वहीत तुमचं कारण लिहून पुढे चला: ती कशी वाचली, तो कुठे गेला. जगभरचे खेळाडू हे करतात, आणि त्यातून काही फार सुंदर गोष्टी तयार झाल्या आहेत.

दुसऱ्यांदा खेळताना

लगेच सुरू करू नका, मधे दुसरा एखादा गेम होऊ द्या. मग वेगळी जन्मकथा, वहीचं नवं पान, आणि शक्यतो एकच मोठा निर्णय उलटा. सगळंच उलटं केलं तर कुठल्या बदलामुळे काय झालं ते कळत नाही. पूर्ण खेळायला वेळ नसेल तर पायरी 6 मधली ‘ऑर्झामरच्या आधी’ ही सेव्ह उघडा, ती नव्या नावाने वेगळी करा म्हणजे मूळ गोष्ट जागेवर राहील, आणि या वेळी हॅरोमाँटला गादी देऊन बघा. परिणामांची नोंद त्याच पानावर, वेगळ्या शाईने.